चिकाटी कोणाच्या खात्यावर? शालेय चारित्र्यशिक्षणाच्या संशोधनाचे चिकित्सक वाचन

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षणातून कशी माणसे घडावीत याची एक यादी आहे. तिच्यात करुणा, सहवेदना, धैर्य आणि वैज्ञानिक दृष्टी यांच्या सोबतीला ‘रेझिलिअन्स’ हा शब्द येतो. तुम्ही शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकत असाल, तर हा शब्द आणि त्याचा जोडीदार ‘ग्रिट’ तुमच्या अभ्यासक्रमात कुठेतरी भेटले असतीलच. दोन्ही शब्द ऐकायला निर्विवाद वाटतात. मुले चिकाटीची व्हावीत, पडली तर उठावीत, यावर कोण हरकत घेईल?

या टिपणात आपण हरकत घेणार आहोत, पण ती चिकाटीवर नाही. या विषयावरचे गाजलेले संशोधन आपण थोडे सावकाश वाचू आणि वाचताना एकच प्रश्न हाताशी ठेवू: मूल टिकले किंवा मोडले, तर ते कोणाच्या खात्यावर मांडायचे?

प्रश्न पुस्तकी नाही. सातवीतली एक मुलगी आठवड्यातून तीन दिवस उशिरा येते, तिचा गृहपाठ अर्धा असतो आणि चाचणी अवघड गेली की ती पुढची देत नाही, असे समजा. एका शिक्षिकेने तिच्या नोंदीत लिहिले, ‘चिकाटी कमी.’ दुसरीने लिहिले, ‘सकाळी धाकट्या भावाला सांभाळते, एसटी चुकते.’ दोन्ही नोंदी खऱ्या असू शकतात. पण पहिल्या नोंदीतून निघतो मुलीला सुधारण्याचा कार्यक्रम, आणि दुसरीतून निघते अंगणवाडीच्या वेळेची, बसच्या फेरीची, परीक्षा पुन्हा देण्याच्या सोयीची चौकशी. तुमच्यापैकी काही जण उद्या अशा नोंदी लिहिणार आहेत. काहींच्या बाबतीत त्या लिहूनही झाल्या असतील.

शब्दांकडे आधी पाहू

‘रेझिलिअन्स’साठी मराठीत सहसा ‘लवचीकता’ वापरतात. हा शब्द वेतासारखा आहे: वाकवले की वाकतो, सोडले की पुन्हा सरळ. ‘चिवटपणा’ थोडा वेगळा. चिवट वस्तू सहज तुटत नाही, फाटत नाही. माणूस चिवट म्हटला की त्यात कौतुक असते आणि थोडी कुरकुरही असते. मला मात्र तिसरा शब्दप्रयोग जास्त नेमका वाटतो, तो म्हणजे ‘तग धरणे’. हा शेतातला आहे. पावसाने ओढ दिली तरी पिकाने तग धरला, असे आपण म्हणतो. पण कोणताही शेतकरी तिथे थांबत नाही. रान काळे की मुरमाड, ओल किती खोल, पेरणी कधी झाली होती, हे तो लगेच विचारतो. काळ्या भारी जमिनीत कपाशी ज्या उघडिपीत तग धरते, त्याच उघडिपीत मुरमाड रानातली कपाशी माना टाकते, बियाणे एकाच पिशवीतले असले तरी. त्या रानातल्या कपाशीला कोणी ‘जिद्द कमी’ म्हणत नाही.

‘चारित्र्य’ या शब्दाची कथा आणखी गमतीची आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो आणि त्यात जवळपास प्रत्येकाच्या नावासमोर ‘चांगली’ लिहिलेले असते. देशभरातल्या महाविद्यालयांतून मिळणाऱ्या चारित्र्याच्या प्रमाणपत्रांचेही तेच. हे लिहिणारे मुख्याध्यापक खोटे बोलत नसतात. एका शब्दात माणसाचे शील मोजता येत नाही हे त्यांना ठाऊक असते, म्हणून ते रकाना भरतात आणि पुढच्या कामाला लागतात. संशोधक मात्र शंभर वर्षे हा रकाना गांभीर्याने भरू पाहत आहेत. त्यांना काय सापडले ते बघू.

फसवण्याची संधी मिळालेली मुले

१९२०च्या दशकात अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी दहा हजारांहून अधिक शालेय मुलांवर एक मोठा अभ्यास केला. त्याचे तीन खंड १९२८ ते १९३० या काळात प्रसिद्ध झाले. ‘तू प्रामाणिक आहेस का’ असे विचारत बसण्याऐवजी त्यांनी मुलांना फसवणूक करण्याच्या संधी दिल्या. कुठे उत्तरसूची हातात देऊन आपला पेपर आपणच तपासायला सांगितला. कुठे डोळे मिटून करायचे काम दिले, की जे डोळे किलकिले केल्याशिवाय नीट जमणारच नाही. कुठे खेळातले स्वतःचे गुण स्वतःच नोंदवायला सांगितले, तर कुठे पैशांची नाणी हाताळू दिली.

अपेक्षा अशी होती की काही मुले सगळीकडे प्रामाणिक निघतील आणि काही सगळीकडे लबाड. तसे झाले नाही. गणिताच्या पेपरात उत्तर बदलणारे मूल खेळात खरे गुण नोंदवत होते. नाण्यांना हात न लावणारे मूल शब्दांच्या चाचणीत नक्कल करत होते. एका परिस्थितीतल्या वागण्यावरून दुसऱ्या परिस्थितीतल्या वागण्याचा अंदाज फारसा बांधता येत नव्हता. चारित्र्यघडणीसाठी चालवलेल्या संघटनांमध्ये आणि रविवारच्या धर्मशाळांमध्ये जाणारी मुलेही इतरांपेक्षा ठळकपणे अधिक प्रामाणिक आढळली नाहीत.

पुढे या आकडेवारीची फेरतपासणी झाली आणि वागण्यात थोडेफार सर्वसाधारण सातत्य सापडलेही, हे इथेच नोंदवायला हवे. चारित्र्य नावाची गोष्टच नसते असा निष्कर्ष यातून निघत नाही. पण ते गुणपत्रिकेवर मांडावे इतके एकसंध नसते, आणि वर्गाची रचना, कामाचा ताण, पकडले जाण्याची शक्यता, शेजारचा मित्र काय करतो आहे, यांवर ते बरेच अवलंबून असते, एवढे नक्की कळते. हे १९३० मध्येच माहीत झाले होते.

एक गोळी, की दोन?

आता सर्वांना ठाऊक असलेला प्रयोग. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून वॉल्टर मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बिंग बालवाडीत तो केला. चारेक वर्षांच्या मुलासमोर मार्शमॅलो, म्हणजे साखर-जिलेटिनची एक मऊ गोळी, किंवा दुसरा एखादा खाऊ ठेवायचा. सांगायचे: मी बाहेर जाऊन येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील, नाही थांबवले तर घंटी वाजव आणि एक खा. थांबण्याची कमाल वेळ बहुधा पंधरा मिनिटे.

यातली काही मुले मोठी झाल्यावर त्यांची माहिती पुन्हा गोळा केली गेली, आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे दिसले की बालवाडीत जास्त थांबलेल्या मुलांना पुढे महाविद्यालय प्रवेशाच्या ‘सॅट’ परीक्षेत जास्त गुण मिळाले होते. मग व्यवस्थापनाच्या शिबिरांपासून पालकसभांपर्यंत ही गोष्ट सर्वत्र पोचली. तात्पर्य ठरून गेले: ज्याच्यात संयम आहे तो जिंकतो, आणि संयम चौथ्या वर्षीच दिसतो.

आता निबंध उघडा. मूळ प्रयोगांत सहाशेहून अधिक मुले होती, पण ज्या परिस्थितीत हा संबंध ठळक आढळला, म्हणजे खाऊ समोर उघडा आहे आणि मन रमवण्याची युक्ती कोणी सुचवलेली नाही, तिथे सॅटचे गुण उपलब्ध असलेली मुले फक्त ३५ होती. आणि ती होती एका विद्यापीठाच्या बालवाडीतली, बरीचशी प्राध्यापक आणि विद्यापीठातल्या इतर शिकलेल्या माणसांची मुले. लेखकांनी स्वतः सावधगिरीचा इशारा दिला होता. तात्पर्य सांगणाऱ्यांनी तो वगळला.

टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ९१८ मुलांच्या माहितीवर हाच प्रश्न पुन्हा तपासला. त्यांनी मुख्य भर दिला तो आईचे महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण न झालेल्या मुलांवर. थांबण्याचा वेळ आणि पंधराव्या वर्षीचे शैक्षणिक यश यांचा संबंध होता, पण मूळ निबंधाच्या साधारण निम्मा. कुटुंबाची पार्श्वभूमी, लहानपणची बौद्धिक क्षमता आणि घरातले वातावरण हिशेबात घेतल्यावर त्यातलाही दोन-तृतीयांश भाग गळून गेला. ज्याला आपण संयमाचे फळ म्हणत होतो, त्यातला मोठा वाटा घराचा होता.

यापेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो एक छोटा प्रयोग. तो २०१३ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड, हॉली पाल्मेरी आणि रिचर्ड ॲस्लिन यांनी प्रसिद्ध केला. मुले फक्त २८. खाऊ पुढे ठेवण्याआधी मुलांना चित्रकाम दिले गेले. टेबलावर वापरून झिजलेले रंगखडू होते. संशोधक म्हणाली, थोडी थांब, मी याहून छान सामान घेऊन येते. निम्म्या मुलांसाठी ती खरोखरच छान सामान घेऊन आली. उरलेल्या निम्म्यांकडे ती रिकाम्या हाताने परतली आणि म्हणाली, माफ कर, सामान संपलेच आहे. मग चिकटवायच्या चित्रांबाबत पुन्हा तेच. त्यानंतर मार्शमॅलो.

शब्द पाळला गेलेल्या १४ मुलांपैकी ९ पूर्ण पंधरा मिनिटे थांबली. शब्द मोडला गेलेल्या १४ पैकी १. सरासरी थांबणे पहिल्या गटात बारा मिनिटे, दुसऱ्यात तीन. कोणत्या मुलाने कोणत्या गटात जायचे हे त्याच्या स्वभावावर ठरलेले नव्हते. दोन गटांतला फरक एवढाच, की समोरच्या मोठ्या माणसाने काही मिनिटांपूर्वी दोनदा दिलेला शब्द पाळला होता की नाही.

२८ ही संख्या लहान आहे, आणि ३५च्या संख्येवर बोट ठेवणाऱ्या आपण तिच्याकडेही त्याच नजरेने पाहायला हवे. शिवाय पंधरा मिनिटांच्या अनुभवावरून आयुष्यभराच्या घडणीविषयी बोलता येत नाही. तरीही हा प्रयोग वाचनाची दिशा बदलतो. मार्शमॅलो न थांबता खाणारे मूल दुबळे आहे असे आपण धरून चाललो होतो. त्याने हिशेब केला असेल ही शक्यता आपण पाहिलीच नव्हती. मराठीत ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आहे तशी ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये’ हीदेखील आहे. पहिली म्हण खरी ठरण्यासाठी तळ्याला गळती नसावी लागते. ज्याच्या घरी उद्याची शाश्वती नाही, ज्याला शिष्यवृत्ती जाहीर होते पण खात्यात येत नाही, त्याच्यासाठी दुसरी म्हण व्यवहारज्ञान आहे. चारित्र्याच्या धड्यात आपण फक्त पहिली शिकवतो.

गंमत अशी की हे मिशेल यांना नवे नव्हते. १९५०च्या दशकात त्यांनी त्रिनिदादमध्ये मुलांवर काम केले होते. त्या मुलांत आफ्रिकी वंशाची होती, तशी भारतीय वंशाचीही होती. पुढे मिळणाऱ्या मोठ्या खाऊसाठी मूल थांबते की नाही, यामागे दिलेला शब्द पाळला जाईल अशी त्याची अपेक्षा असते का, हा मुद्दा तेव्हाच पुढे आला होता. १९६८ मध्ये त्यांनी व्यक्तिमत्त्वाच्या मापनावर जे पुस्तक लिहिले त्याचा गाभाच असा होता की माणसाचे वागणे परिस्थितीनुसार बदलते आणि ‘गुणविशेष’ आपण समजतो तितके पक्के नसतात. बिंग बालवाडीतही त्यांचा रस ‘कोण थांबते’ यापेक्षा ‘कशाने थांबता येते’ यात होता. खाऊ झाकून ठेवला की मुले जास्त थांबत. खाऊ म्हणजे ढगाचा पुंजका आहे अशी कल्पना करायला सांगितली तरी जास्त थांबत. गुणविशेषांवर शंका घेणाऱ्या या माणसाचा प्रयोग पुढे गुणविशेषाची जाहिरात म्हणून जगभर फिरला. एखादा मजकूर लोकप्रिय होताना त्याचा अर्थ कसा उलटतो याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला सुचत नाही.

चिकाटीचे माप

अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘ग्रिट’ची कल्पना मांडली: दूरच्या ध्येयासाठी टिकून राहणारी चिकाटी आणि ओढ. बारा विधानांची प्रश्नावली, आणि प्रत्येक विधान स्वतःला किती लागू पडते हे स्वतःच सांगायचे. वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतले पहिल्या उन्हाळ्याचे कठोर प्रशिक्षण कोण सोडून जाईल, याचा अंदाज या प्रश्नावलीने दिला, म्हणून ती गाजली. २०१६ मध्ये त्यांचे पुस्तक आले.

मार्कस क्रेडे यांनी दोन सहकाऱ्यांसह २०१७ मध्ये तोवरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. ग्रिट आणि ‘कर्तव्यदक्षता’ हा मानसशास्त्रात आधीपासून मोजला जाणारा गुण यांचा सहसंबंध त्यांना ०.८४ आढळला. म्हणजे जुन्याच मालाला नवे नाव. कामगिरीशी असलेला संबंधही बेताचाच होता.

याहून बोलका आहे तो बॉस्टनमधला अनुभव. मार्टिन वेस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिस्तीबद्दल प्रसिद्ध असलेल्या काही शाळांतली मुले होती. या मुलांच्या परीक्षेतल्या गुणांत वाढ झाली होती, पण चिकाटी, आत्मसंयम आणि कर्तव्यदक्षता यांबाबत त्यांनी स्वतःला इतर शाळांतल्या मुलांपेक्षा कमी गुण दिले. कारण उघड आहे. ‘मी मेहनती आहे’ या विधानाला उत्तर देताना मूल आजूबाजूला पाहते. जिथे सगळेच रात्री उशिरापर्यंत अभ्यास करतात तिथे तीन तास बसणारा स्वतःला आळशी समजतो. राजस्थानातल्या कोटा शहरात प्रवेश परीक्षांच्या तयारीला गेलेल्या तुमच्या एखाद्या मित्राला विचारून पाहा.

डकवर्थ यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायलाच हवी. कॅलिफोर्नियातल्या काही जिल्ह्यांनी शाळांच्या मूल्यमापनात अशा गुणांना स्थान द्यायला सुरुवात केली तेव्हा त्या त्या कामातून बाहेर पडल्या आणि शाळांना ग्रिटचे गुण देऊ नका, असे त्यांनी २०१६ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून सांगितले. धोरणकर्त्यांचा उत्साह मात्र ओसरला नव्हता. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये सर्वपक्षीय खासदारांच्या गटाने ‘चारित्र्य आणि लवचीकता’ याच नावाचा जाहीरनामा काढला. त्यानंतर शाळांना निधी दिला गेला, आणि २०१९ मध्ये शिक्षण खात्याने चारित्र्यशिक्षणाची मार्गदर्शक चौकट प्रसिद्ध केली.

शिकवून काय साधले? अमेरिकेत सात वेगवेगळ्या चारित्र्य-कार्यक्रमांची एकत्र चाचणी झाली. २०१० च्या तिच्या अहवालात मुलांच्या वागण्यावर, अभ्यासावर किंवा शाळेविषयीच्या भावनेवर एकंदर सुधारणा दिसली नाही. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक मुलांना सामील करून घेणाऱ्या सजगतेच्या मोठ्या चाचणीचे निकाल २०२२ मध्ये आले. शिक्षकांनी प्रशिक्षण घेऊन धडे दिले होते, तरी मुलांच्या मानसिक स्वास्थ्यावर नेहमीच्या तरतुदीपेक्षा अधिक फायदा आढळला नाही. त्यातल्या त्यात आशादायक आहे तो डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा अभ्यास: ‘बुद्धी वाढू शकते’ हे समजावणारे तासाभराहून कमी वेळाचे ऑनलाइन सत्र, अमेरिकेतले नववीचे सुमारे १२,००० विद्यार्थी, आणि मागे पडलेल्या मुलांच्या गुणसरासरीत ०.१० ची वाढ. छोटी, पण खरी. हा परिणाम अधिक दिसला तो आव्हान स्वीकारणे ही जिथल्या मित्रमंडळींत मान्य रीत होती, त्या शाळांत. पुन्हा रानाचाच मुद्दा.

काउआईची मुले

लवचीकतेवरचे सर्वांत दीर्घ आणि माझ्या मते सर्वांत शहाणे संशोधन एका बेटावर झाले. हवाई बेटसमूहातल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी वयाच्या चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. ऊसमळ्यांवर राबणारी कुटुंबे बरीच. सुमारे एक-तृतीयांश मुले जन्मतःच अडचणीत होती: गरिबी, जन्मावेळची गुंतागुंत, व्यसन, मानसिक आजार किंवा भांडणांनी पोखरलेले घर. या अडचणीतल्या मुलांपैकीही साधारण एक-तृतीयांश मुले सक्षम, काळजी घेणारी प्रौढ माणसे झाली.

हे वाचून ‘बघा, इच्छा असेल तर जमते’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो क्षणभर आवरा आणि वर्नर यांनी काय नोंदवले ते पाहा. काही गोष्टी मुलात होत्या, जसे की लोकांना जवळचा वाटणारा मनमिळाऊ स्वभाव. पण जवळजवळ प्रत्येक सावरलेल्या मुलाच्या गोष्टीत एक तरी विश्वासाचे माणूस होते. आईवडील खचलेले असतील तर आजी, मावशी, मोठी बहीण, शेजारीण. आणि पुन्हा पुन्हा येणारे पात्र म्हणजे एखादी शिक्षिका. दुसरी गोष्ट याहूनही कमी सांगितली जाते. किशोरवयात जी मुले ‘वाया गेली’ म्हणून नोंदली गेली होती, त्यांतली बरीचशी विशी-तिशीत सावरली. कशामुळे? परत शिकण्याची सोय देणारी सामुदायिक महाविद्यालये, सैन्यातली नोकरी, स्थिर जोडीदार, जवळची वाटणारी धर्मसंस्था. म्हणजे दुसरी संधी देणारी दारे. अठराव्या वर्षी कोणी त्यांचा चारित्र्याचा दाखला लिहिला असता तर तो चुकला असता.

ॲन मास्टेन यांनी २००१ मध्ये या सगळ्या क्षेत्राचा आढावा घेताना लवचीकतेला साध्यासुध्या गोष्टींची जादू म्हटले. सावरणे हे काही दुर्मीळ वीरांचे काम नाही. काळजी घेणारे मोठे माणूस, चालती शाळा, शिकण्याची संधी, आपले वाटणारे लोक, अशा नेहमीच्या यंत्रणा शाबूत असल्या की बहुतेक मुले सावरतात. या यंत्रणा मोडल्या तर असामान्य मूलही खचते.

तुम्ही विचाराल, मग शाळेने करायचे काय? सगळेच घरावर आणि गरिबीवर ढकलले तर शिक्षकाच्या हाती काही उरत नाही. आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायला आपल्याला परदेशात जाण्याची गरज नाही.

नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळा

गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेली ‘संगत’ ही संस्था मानसिक आरोग्यावर काम करते. प्रशिक्षित सामान्य माणसे समुपदेशनाचे काम करू शकतात, हे तिने अनेक प्रयोगांतून दाखवले आहे. तिच्या संशोधकांनी बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शासकीय माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा कार्यक्रम तपासला. निकाल २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. नववीचे १३,००० विद्यार्थी सुरुवातीच्या पाहणीत होते.

शाळांचे तीन गट चिठ्ठी टाकावी तसे निवडले गेले. पहिल्या गटात प्रत्येक शाळेत व्यावसायिक तज्ज्ञ नसलेला, पण प्रशिक्षण दिलेला एक ‘सेहर मित्र’ नेमला गेला. दुसऱ्या गटात तोच कार्यक्रम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे सोपवला. तिसऱ्या गटात फक्त शासनाचा वर्गात चालणारा जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम होता. इथे जरा थांबा. आपण ज्याला चारित्र्य आणि लवचीकतेचा तास म्हणतो, तो या प्रयोगात उपाय नव्हताच; तो तुलनेसाठी ठेवलेली नेहमीची परिस्थिती होता.

कार्यक्रमात काय होते? प्रार्थनेच्या वेळी चर्चा, भित्तिपत्रक, स्पर्धा, मुलांचे गट, शिक्षकांसाठी कार्यशाळा, दादागिरीविरुद्ध शाळेचे ठरलेले धोरण, एकट्याने बोलायचे असेल त्याच्यासाठी समुपदेशन. आणि एक पेटी, जिच्यात नाव न लिहिता तक्रार टाकता येत होती. यातले फारच थोडे मुलाचे मन घडवण्यासाठी आहे. बरेचसे शाळा दुरुस्त करण्यासाठी आहे. पेटीचेच पाहा. तिच्यात चिठ्ठी टाकली, आठवड्याने ती वाचली गेली आणि काहीतरी बदलले, तर मुलाने रॉचेस्टरच्या प्रयोगातल्या पहिल्या गटात प्रवेश केला. चिठ्ठी टाकली आणि काहीच झाले नाही, तर दुसऱ्या. ‘तक्रारपेटी आहे’ एवढे लिहून अहवाल पूर्ण करणाऱ्या शाळांनी हे लक्षात घ्यावे.

सेहर मित्र असलेल्या शाळांत वर्षअखेर शाळेचे वातावरण ठळकपणे सुधारलेले आढळले. नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीसही परिणाम टिकून होता. मोजमाप इथेही प्रश्नावलीनेच झाले, त्यामुळे बॉस्टनच्या शाळांबाबत घेतलेली शंका इथे पूर्ण सुटत नाही; कार्यक्रम चालू आहे हे मुलांना दिसत होतेच. पण एक फरक मोलाचा आहे. मुख्य प्रश्न ‘तू किती चिवट आहेस’ असा नव्हता. शिक्षक तुझे ऐकतात का, इथे तुला आपले वाटते का, निर्णयात तुला भाग घेता येतो का, असा त्याचा रोख होता. गुण मुलाला नव्हते, शाळेला होते.

आणि शिक्षकांनी चालवलेल्या शाळा? तिथे तुलनेच्या शाळांपेक्षा काहीही सुधारणा दिसली नाही. कार्यक्रम तोच, जिल्हा तोच, मुले तशीच. माझ्या मते हा या संपूर्ण अभ्यासातला सर्वांत विचार करण्याजोगा निकाल आहे, आणि त्यावर फारशी चर्चा होत नाही. सरकारी शाळेतल्या शिक्षकाकडे तास असतात, परीक्षा असतात, मध्यान्ह भोजनाची नोंद असते, जनगणना आणि निवडणुकीची कामे असतात. शिवाय जो शिक्षक गुण देतो आणि प्रसंगी हातही उगारतो, त्याच्यापाशी मन मोकळे करायला मूल कचरते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने मारण्यावर बंदी घातली असली तरी. शिक्षकांनी कामचुकारपणा केला असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि तो काढणारे बरेच भेटतील. त्यांना विचारून पाहा की सातवीतल्या त्या मुलीच्या नोंदीत ‘चिकाटी कमी’ लिहिणे जर अपुरे असेल, तर या शाळांतल्या शिक्षकांच्या नावापुढे तेच लिहिणे पुरेसे कसे. त्यांच्या दिवसाचे तास मोजले, सेहर मित्राला जे एकच काम होते ते त्यांच्याकडे कितवे होते हे पाहिले, तर निकाल कसा दिसेल? शिक्षण प्रशिक्षणाच्या तुमच्या पुढच्या शालेय अनुभवात ही मोजणी करता येण्याजोगी आहे. त्यासाठी एक वही, एक घड्याळ आणि शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर बसण्याची परवानगी लागते.